ग्रेटर मँचेस्टरमध्ये कुठलं काम कुणाकडे न्यायचं?

इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टर भागात राहत असाल, तर पत्त्यात ‘मँचेस्टर’ दिसलं म्हणून मँचेस्टर सिटी कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) फोन करू नका. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टपालाचा पत्ता आणि कौन्सिलची हद्द वेगळी असते; ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियम मँचेस्टरच्या नव्हे, ट्रॅफर्ड कौन्सिलच्या हद्दीत येतं. म्हणून आधी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून आपली कौन्सिल शोधा. इथे अशा १० आहेत.

कचरा उचलणं, गल्लीतले खड्डे, शाळाप्रवेश, बांधकाम परवानगी, वृद्धांची देखभाल ही सगळी कामं कौन्सिलची. मोटरवे मात्र नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे.

बस, ट्राम, पोलीस, अग्निशमन या गोष्टी महापौर आणि २०११ साली स्थापन झालेल्या, दहाही कौन्सिलांच्या संयुक्त प्राधिकरणाकडे आहेत. त्याआधी सगळ्या ग्रेटर मँचेस्टरसाठी एक काउंटी कौन्सिल होती; ती १९८६ मध्ये बरखास्त झाली. पुढे ही मधली पोकळी बऱ्याच अंशी याच प्राधिकरणाने भरून काढली. थेट निवडून आलेला महापौर २०१७ पासून आहे.

कौन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या कराचं) बिल नीट वाचा. कौन्सिलच्या रकमेखाली महापौरांच्या दोन वेगळ्या ओळी असतात: एक पोलिसांसाठी, दुसरी अग्निशमनासह इतर सेवांसाठी. कुणाला जाब विचारायचा, हे त्या ओळींवरूनच कळतं.

काम अडलं तर आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या, मग वॉर्डातल्या नगरसेवकाला तो कळवा. तक्रारीचे सगळे टप्पे संपल्याशिवाय लोकपाल (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे स्वतंत्र अधिकारी) सहसा प्रकरण हाती घेत नाहीत. त्यांच्याकडे जायची मुदत, अडचण कळल्यापासून साधारण १२ महिने.