क्रॅपीसाठी संथ ट्रोलिंग: आठ रॉड, एक बोट आणि खोलीचं गणित

अमेरिकेत टेनेसीतल्या मेम्फिस शहरातून इंटरस्टेट 55 या महामार्गाने दक्षिणेला निघालं की मिसिसिपी राज्यात अर्काबुटला, सार्डिस, एनिड आणि ग्रेनाडा हे चार तलाव एकामागून एक लागतात. 1940 ते 1954 या काळात पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या धरणांमागचे हे जलाशय आज क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशासाठी ओळखले जातात. पांढऱ्या क्रॅपीचा 5 पौंड 3 औंसांचा जागतिक विक्रम 1957 साली एनिडलाच नोंदला गेला. पाणी गढूळ, तळ सपाट, जागोजागी बुडालेल्या झाडांची खोडं आणि मासे मोकळ्या पाण्यात विखुरलेले, अशा ठिकाणी एकाच जागी गळ टाकून बसण्यात दिवस वाया जातो. म्हणून इथे बोटीच्या पुढच्या टोकाला कोळ्याच्या पायांसारखे लांब रॉड पसरायचे आणि बोट रांगत पुढे न्यायची, ही पद्धत रुजली. तिला स्पायडर रिगिंग म्हणतात. चालत्या बोटीतून आमिष ओढत मासे पकडणं म्हणजे ट्रोलिंग, आणि हा त्याचा संथ प्रकार.

या पद्धतीत रॉडच्या संख्येचं कौतुक फार होतं. खरं कसब वेगळं आहे: कोणत्या क्षणी कोणतं आमिष किती फूट खोल आहे, हे नेमकं ठाऊक असणं. ते ठाऊक नसेल तर आठ रॉड म्हणजे आठपट गुंता.

आधी नियम

एका माणसाला किती रॉड आणि एका रॉडवर किती गळ लावता येतात, हे प्रत्येक राज्यात आणि बऱ्याचदा प्रत्येक तलावावर वेगळं असतं. मिनेसोटात उघड्या पाण्यावर साधारणपणे माणशी एकच दोर चालतो, तिथे ही पद्धत जमणारच नाही. किती मासे ठेवता येतील आणि किमान लांबी किती हवी, हे आकडेही अधूनमधून बदलतात. त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची माहिती वाचूनच निघा आणि परवाना जवळ ठेवा. इथे दोन माणसं आणि माणशी चार रॉड धरले आहेत. तुमच्या पाण्यावर कमी चालत असतील तर तेवढेच लावा, पद्धत तीच राहते.

सामान

रॉड 12 ते 16 फुटांचे. पहिल्यांदा घेताना सगळे 14 फुटांचे घ्या. लांबी सारखी असली की खोलीचा हिशेब सगळ्यांना एकच लागू होतो. टोक मऊ आणि खालचा भाग ताठ हवा. मऊ टोकावर हलका झटकाही दिसतो आणि लाटेवर बोट हलली तरी आमिष फार नाचत नाही. रील साधं, लहान चालेल. मुख्य दोर 8 ते 10 पौंडांचा ताण सोसणारा नायलॉन.

रॉड होल्डर पुढच्या टोकावर घट्ट बोल्टने बसवलेले असावेत. डुगडुगणारा होल्डर दिवसभर खोटे झटके दाखवतो. दोन खुर्च्या पुढे तोंड करून, प्रत्येकासमोर चार रॉड, दोन टोकांमध्ये दोन ते तीन फुटांचं अंतर, आणि टोकं पाण्यापासून फूट-दीड फूट वर.

पुढे लावलेली इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर आणि पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारा, शिवाय जीपीएसवर वेग सांगणारा सोनार हवाच. डोळ्यांनी या वेगाचा अंदाज येत नाही. बॅटरी डीप-सायकल प्रकारची, म्हणजे बराच वेळ सलग वीज देणारी, आणि पूर्ण चार्ज केलेली असावी, कारण वाऱ्याविरुद्ध दिवसभर चालवताना ती अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. शिवाय आठ फूट दांड्याची हातजाळी. चौदा फुटी रॉडवरचा मासा बोटीच्या कडेपर्यंत येतच नाही, जाळीच त्याच्यापर्यंत न्यावी लागते.

दोन गळांची मांडणी

टेनेसीच्या कॅप्स आणि कोलमन या स्पर्धक जोडीच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी आजही सर्वांत भरवशाची आहे. ती अशी बांधा:

1. मुख्य दोराच्या टोकाला तीन कड्यांचा स्विव्हल, म्हणजे दोराला पीळ पडू न देणारा फिरता जोड, बांधा.
2. त्याच्या बाजूच्या कडीला 6 ते 8 इंचांचा दोर आणि त्याला वरचा गळ. हा तुकडा लांब झाला तर मुख्य दोराभोवती गुंडाळला जातो.
3. खालच्या कडीला साधारण अडीच फुटांचा दोर बांधा. स्विव्हलपासून फूटभर खाली त्यात अंड्याच्या आकाराचं, मधून भोक असलेलं अर्ध्या औंसाचं शिसं ओवा आणि दोर त्याच भोकातून चार-पाच वेळा फिरवून घ्या. शिसं जागेवर राहतं, आणि वर-खाली करायचं असेल तर गाठ सोडावी लागत नाही.
4. शिशाखाली सुमारे दीड फुटावर दुसरा गळ.

गळ बारीक तारेचे, 1 किंवा 2 नंबरचे. खोडात अडकले तर ओढल्यावर तार सरळ होते आणि अख्खी मांडणी परत येते. पक्कडीने वाकवून पुन्हा वापरा, पण दोन-तीनदा वाकलेला गळ टाकून द्या.

आमिष म्हणून मिनो, म्हणजे जिवंत छोटे मासे. गळ खालच्या जबड्यातून घालून वरच्या ओठातून बाहेर काढा. तोंड मिटलेलं राहतं आणि मिनो पुढच्या दिशेने नीट ओढला जातो. पाठीत टोचलेला मिनो आडवा ओढला जातो, गोल फिरतो आणि दोराला पीळ घालतो. मिनोच्या डब्यात हवेचा पंप सतत चालू ठेवा. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला बर्फ बंद बाटलीतूनच घाला. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकला तर क्लोरीनने मिनो मरतात.

खोलीचं गणित

क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात आणि तो खाण्यासाठी वर येतो. आमिष त्याच्या खालून गेलं तर बहुधा त्याला दिसतही नाही. सोनारवर मासे 11 फुटांवर दिसले तर आमिष 9 ते 10 फुटांवर हवं. स्वच्छ पाण्यात दोन फूट वर चालतं, गढूळ पाण्यात मात्र फूटभराहून जास्त अंतर ठेवू नका.

मोजायची सोपी रीत अशी. शिसं रीलजवळ येईल एवढा दोर सोडला की टोकापासून खाली लटकणारा दोर रॉडच्या लांबीइतका, म्हणजे 14 फूट. टोक पाण्यापासून दीड फूट वर असेल तर शिसं साडेबारा फुटांवर आहे. यापुढे रील आणि रॉडवरची पहिली कडी यांच्यामधला दोर हाताने ओढून सोडा. ही एक ओढ बहुतेक रॉडवर दोन फुटांच्या आसपास भरते, पण आपल्या रॉडवर एकदा टेपने मोजून घ्या. वरचा गळ शिशाच्या थोडा वर आणि खालचा दीड फूट खाली, हे हिशेबात धरा.

हे सगळं गणित दोर सरळ खाली असेल तोवरच खरं. सोडलेला दोर 12 फूट असेल आणि तो 30 अंशांनी मागे झुकला, तर खोली सुमारे 10.4 फूट उरते. 45 अंशांनी झुकला तर साडेआठच. म्हणजे सोनारवर मासे दिसत राहतात आणि आमिष त्यांच्या तीन फूट वरून निघून जातं. दोर पाण्यात जिथे शिरतो तिथे दर मिनिटाला नजर हवी. जरासा झुकाव चालतो. जास्त झाला तर आधी वेग कमी करा, ते शक्य नसेल तर पाऊण औंसाचं शिसं लावा.

पाण्यावर

सुरुवातीचा वेग 0.3 ते 0.5 मैल प्रतितास. 0.5 मैल म्हणजे मिनिटाला 44 फूट. वाचताना कमी वाटतं, पण थंड पाण्यात सुस्त माशाला तेही जास्त होतं. पाणी गरम झालं की 0.8 पर्यंत जाता येतं. त्याहून वेगाने ओढायचं तर जिगची (शिशाच्या डोक्याचा गळ) किंवा क्रँकबेटची (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) मांडणी लागते, हे शिसं नाही.

तळ 15 फुटांवर असेल तर दोन्ही बाजूंच्या कडेच्या रॉडची शिसं 6 फुटांवर, मग 8, मग 10, आणि मधल्या दोन रॉडची 12 फुटांवर ठेवा. एकाच खोलीवर दोन-तीन मासे लागले की बाकीचे रॉड तिकडे वळवा. प्रत्येक बाजूचा एक रॉड मात्र वेगळ्या खोलीवर राहू द्या. ढग आले, वारा पडला की मासे जागा बदलतात आणि ते याच दोन रॉडवर आधी कळतं.

तोंड वाऱ्याकडे करून चाला. पाठीमागून वारा घेतला तर बोट ढकलली जाते, वेग हातात राहत नाही, दोर बोटीखाली जातात आणि मधल्या रॉडचे दोर मोटरच्या पंख्यात अडकतात. वाऱ्यात मागचं टोक डोलत असेल तर तिथून जड साखळी तळाशी ओढत न्या, पण खोडांच्या भागात साखळीऐवजी ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात ओढून बोटीला अटकाव करणारी कापडी पिशवी, बरा. लाट फूटभराच्या वर गेली की आमिषं उड्या मारू लागतात. तेव्हा आडोशाच्या खाडीत जा.

वळण मोठं घ्या. वळताना आतल्या बाजूचे दोर जवळजवळ थांबतात आणि आमिष खाली जातं. बाहेरचे वेग घेतात आणि वर येतात. घट्ट वळणात आतली शिसं तळाला लागून अडकतात. पण वळणावर मासे कोणत्या बाजूला लागले ते लक्षात ठेवा. सारखे आतल्या बाजूला लागत असतील तर तुमचा वेग जास्त आहे किंवा आमिष खोल हवं आहे. ही फुकट मिळणारी माहिती बहुतेक जण सोडून देतात.

दोर अडकला तर रॉडने ओढू नका. मोटर थांबवा, शेजारचे रॉड उचला, बोट अडकलेल्या जागेच्या वर आणा आणि दोर हाताला गुंडाळण्याऐवजी कापडात धरून सरळ वर खेचा.

झटका आणि मासा

टोक दोन-तीनदा थरथरून खाली वाकतं, हा नेहमीचा झटका. दुसरा प्रकार नवख्याच्या नजरेतून सुटतो: वाकलेलं टोक अचानक सरळ होतं आणि दोर सैल पडतो. मासा आमिष घेऊन वर आलेला असतो. अशा वेळी रील भराभर फिरवून दोर ताणा.

दोन्ही वेळी हिसका मारायचा नाही. क्रॅपीच्या जबड्याभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की जोराच्या हिसक्याने गळ तो फाडून निघतो. रॉड होल्डरमधून फक्त उचला आणि टोक वाकलेलं ठेवा. दुसऱ्याने जाळी पाण्यात आधीच बुडवून ठेवावी आणि मासा तिच्यावर ओढून आणावा. मासा रॉडने हवेत उचलला की मोठे तेवढे गळून पडतात. बोट थांबवू नका. थांबली की उरलेल्या सातही शिशांची खोली वाढते आणि ती तळाला जाऊन अडकतात.

कधी कुठे

फेब्रुवारी-मार्चमध्ये मासे खाडीच्या तोंडाशी 8 ते 15 फुटांत जमतात, आणि या पद्धतीचा हाच सर्वोत्तम काळ. पाणी 60 ते 68 फॅरनहाइट, म्हणजे 16 ते 20 सेल्सियस झालं की अंडी घालायला ते उथळ काठावर जातात. तिथे बोट घालून त्यांना बिथरवण्यापेक्षा एकच रॉड हातात घ्या. उन्हाळ्यात ते पुन्हा खोल जातात. ज्या तलावात पाण्याचे थर वेगळे होतात तिथे सोनारवर आडवा धूसर पट्टा दिसतो. त्याखाली प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे आमिष तिथे नेऊन उपयोग नाही.

लहान मासे सोडताना हात ओले करा. उन्हाळ्यात खोलातून वर काढलेले मासे सोडले तरी बरेचसे जगत नाहीत, म्हणून मर्यादेइतके मिळाले की रॉड आवरा. ठेवलेले मासे लगेच बर्फावर घाला आणि वितळलेलं पाणी काढत राहा. कोमट पाण्यात तासभर पडलेल्या क्रॅपीचं पांढरं मांस भुसभुशीत होतं आणि मग ते ना मक्याच्या पिठात नीट तळलं जातं, ना रव्यात.