पोटावरची पिशवी की आतड्याचं नवं मूत्राशय?
बाबांचं मूत्राशय काढायचं ठरलं तेव्हा परळला डॉक्टरांनी दोन वाटा समजावल्या. एक, लहान आतड्याच्या १५-२० सेंटीमीटर तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत. दुसरी, आतड्याचंच नवं मूत्राशय. पण मग घड्याळ लावून, रात्रीही उठून जायचं, कधी स्वतः नळी घालायची. किडनी कमजोर असेल तर ते सहसा करत नाहीत. बाबांनी पिशवी घेतली, मलाही तेच पटलं.

ऑपरेशनआधी पिशवी जिथे लागणार त्या जागेची पोटावर खूण मात्र करून घ्याच. उभं राहून, बसून, वाकून बघा. बाबांच्या लेंग्याची नाडी नेमकी तिथेच येत होती. सिस्टरांनी खूण दोन बोटं खाली घेतली.

लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, तो आतड्याचा चिकट स्राव. पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करा. विरार लोकल असेल तर दादरलाच.