स्लॅशला बघायला डिचोलीहून मुंबई: गाडीने जायचं तर

बँड ‘पुन्हा एकत्र आला’ असं वाचलं की तिकिटाला हात घालण्याआधी बोटांवर मोजा, नक्की कोण कोण आलंय. मी हे पैसे घालवून शिकले. डिसेंबर 2012मध्ये गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड मुंबईला आला, तेव्हा मी आणि दादा रात्रीच्या बसने गेलो होतो. स्टेजवर अ‍ॅक्सल रोझ हा गायक होता, पण गिटारवाला स्लॅश नव्हता आणि बेस वाजवणारा डफ मॅकेगनही नव्हता. स्लॅश 1996लाच बाहेर पडला हे आम्हाला ठाऊक होतं, तरी गेलो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून 1991ला आणलेली त्यांची कॅसेट, फीत पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून वाजवलेली, तिनेच नेलं म्हणा. परतीच्या बसमध्ये दादा बांद्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्याच वर्षी कुणीतरी अ‍ॅक्सलला विचारलं होतं, पुन्हा एकत्र येणार का? तो म्हणाला, ह्या जन्मात नाही. 2016ला तो, स्लॅश आणि डफ असे तिघं एकत्र आले आणि दौऱ्याला नाव दिलं तेच, ‘नॉट इन धिस लाइफटाइम’. इझी स्ट्रॅडलिन आणि स्टीव्हन अ‍ॅडलर मात्र त्या संचात नाहीत. म्हणजे गाजलेल्या जुन्या पाचांतले तीन. आम्हाला तीन चालले, म्हणून 17 मे 2025चं महालक्ष्मी रेसकोर्सचं तिकीट काढलं.

तो शनिवार होता. आम्ही शुक्रवारी पहाटे चारला निघालो, आणि तुम्हीही आदल्या दिवशीच पोचा. मे महिन्यात मुंबईकर शुक्रवारी गावाला निघतात आणि रविवारी परततात. आपण बरोबर उलट दिशेने जातो, ही गोवेकराची एकमेव मिजास. तरी माणगावला अडकायचं ते अडकायचंच. तिथे दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकांकडे बघत उभ्या असतात. थांबे धरून बारा तास मनात ठेवा.

टाकी गोव्यातच भरा, महाराष्ट्रात पेट्रोल महाग. डिचोलीहून दोडामार्गमार्गे बांद्याला निघालात तर म्हापशाला जावं लागत नाही. दारूची बाटली गाडीत ठेवू नका. दादरच्या आमच्या आतेबहिणीच्या नवऱ्याने फेणी मागितली होती. परवान्याशिवाय नेता येत नाही आणि इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात, असं सांगून मी त्याच्यासाठी गोव्याचे मानकुराद आंबे नेले. देवगडचा हापूस खाणाऱ्या घरात मानकुराद नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, पण ते भांडण मला आवडतं.

पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, यायच्या आधी निघायचं, म्हणून उंडे (गोल पाव) आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवले. सोबत सुकी बटाट्याची भाजी आणि बाटलीत कोकम सरबत. कणकवलीपर्यंत पुरतं. पुढे कशेडीचा घाट बोगद्यामुळे टळतो. पेणच्या पुढे अटल सेतू धरा. 250 रुपये टोल देताना जीवावर येतं, पण शिवडीला उतरलं की दादर हाकेवर.

आता माझा एकच हट्ट. जाताना त्या बँडची गाणी गाडीत लावायची नाहीत. एकही नाही. दादा हातखंब्यापर्यंत ह्यावरून माझ्याशी वाद घालत होता. पण बारा तास तेच ऐकून पोचलात तर स्टेजवर पहिला सूर वाजतो तेव्हा कान आधीच जेवलेले असतात. शिवाय तुम्ही नकळत रेकॉर्डशी तुलना करत बसता. साठीतला अ‍ॅक्सल 1987च्या अ‍ॅक्सलसारखा कसा गाईल? आम्ही अभिषेकीबुवांची नाट्यगीतं लावली. मंगेशीचा माणूस, त्यामुळे दादालाही नाही म्हणता येईना.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी हलवू नका. दादरहून चर्चगेटकडची धीमी लोकल पकडा. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, एवढाच प्रवास. उघड्यावर रात्री दहानंतर सहसा ध्वनिक्षेपक चालत नाहीत, म्हणून असे कार्यक्रम लवकर सुरू होतात आणि हा बँड तर तीन तासही वाजवतो. नऊला पोचू म्हणणारे अर्धा कार्यक्रम रस्त्यावरून ऐकतात. आत काय न्यायला बंदी आहे ते तिकिटासोबत बारीक अक्षरात असतं, ते वाचा. माझी पॉवर बँक फाटकावरच्या टोपलीत गेली. शेजारी छत्र्या, अत्तराच्या बाटल्या आणि कुणाची तरी पूर्ण भरलेली टिफिनची पिशवी होती.

उभं कुठे राहायचं? विशीत असाल तर पुढे घुसा. आम्ही साउंडवाल्यांच्या टेबलाजवळ थांबलो. आवाज जुळवणारा माणूस तिथेच बसलेला असतो, त्याच्या कानाला बरा वाटेल असाच आवाज तो ठेवतो, त्यामुळे गिटार आणि ड्रम तिथे वेगवेगळे ऐकू येतात. कानात फोमचे बोळे घाला. 100 डेसिबलला पंधरा मिनिटांनंतर कानांना धोका सुरू होतो, असं कामगारांसाठीचं मोजमाप सांगतं. बोळे घातले म्हणून मजा कमी होत नाही. स्लॅश टोपी घालून पुढे आला तेव्हा दादाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. दादाचा कॅमेरा खिशातच राहिला. तुमचाही राहू द्या.

परतताना पुणे, कोल्हापूर असा घाटावरचा रस्ता घ्या. कोल्हापूरला पांढरा रस्सा प्या, मग निपाणी, बेळगाव आणि चोर्ला घाटाने साखळीत उतरा. रस्ता थोडा लांब, पण पाठीला सोपा. आता मात्र बँड लावायला हरकत नाही. दादाने तवंदी घाटात सुरू केला तो कणकुंबीपर्यंत आम्ही दोघं बेसूर ओरडत होतो. पुढे चोर्ल्यात नेटवर्क गेलं आणि गाणं मध्येच तुटलं. तेव्हा गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा.