जुन्या गाडीतील बिघाडाचे कोड घरच्या घरी कसे वाचावेत

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की बडोद्यात बहुतेक जण गाडी तशीच चालवत राहतात, नाहीतर बॅटरीची तार काढून दहा मिनिटांनी पुन्हा जोडतात आणि दिवा विझला म्हणून निश्चिंत होतात. यातील दुसरा उपाय अधिक नुकसानकारक आहे. बॅटरीची तार काढल्याने बिघाड जात नाही. जुन्या गाडीत बहुधा इंजिनाच्या कंट्रोल युनिटने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कंप्युटरने, नोंदवून ठेवलेला कोड तेवढा पुसला जातो, आणि ज्या नोंदीवरून दोषाचा माग काढायचा तीच हाती उरत नाही. म्हणून कोड कागदावर उतरवून घेईपर्यंत बॅटरीला हात लावू नये.

सर्वांत आधी इग्निशन चालू करून, इंजिन सुरू न करता, तो दिवा लागतो का ते पाहावे. तो लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. जुनी गाडी विकताना दिव्याचा बल्बच काढून टाकलेला असतो, असे मी दोनदा पाहिले आहे. त्याच वेळी मल्टिमीटरने बॅटरीही मोजावी. इंजिन बंद असताना ती १२.४ व्होल्टपेक्षा बरीच खाली असेल तर आधी चार्ज करावी, कारण विजेचा दाब कमी पडला की कंट्रोल युनिट नसलेल्या दोषांच्याही नोंदी करते.

आपली गाडी कोणत्या पिढीची आहे, यावर पुढची रीत ठरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत असे कोड बहुधा नसतातच. भारतात बीएस ४ मानकाच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा (गाडीने आपले बिघाड आपणच नोंदवण्याच्या पद्धतीचा) पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरच्या गाडीत सॉकेटला जोडून मोबाइलवर कोड दाखवणारा साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरही सहसा काम करतो. खरी अडचण येते ती साधारण २००० ते २०१० या काळातील फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांची. त्यांपैकी अनेकींत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि ते पाहून मालक खूश होतो, पण सॉकेटचा आकार तेवढा प्रमाणित असतो. आतील कंट्रोल युनिट कंपनीच्या स्वतःच्या भाषेतच बोलते आणि त्यासाठी ती भाषा जाणणारा स्कॅनर लागतो. अ‍ॅडॅप्टर जोडला जात नाही म्हणून तो खराब आहे असे समजून दुसरा विकत घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

सॉकेटमध्ये वीज येते का, हेही आधीच तपासून घ्यावे. १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा धन प्रवाह आणि ४ व ५ या पिनांवर अर्थिंग असते. १६ आणि ४ यांच्यात १२ व्होल्ट मिळाले नाहीत तर फ्यूज पाहावा. पुष्कळ गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटर किंवा आतील दिवा यांच्याशी सामायिक असतो, त्यामुळे मोबाइलच्या स्वस्त चार्जरने लायटरचा फ्यूज उडवला की स्कॅनरही मुका होतो. ७ क्रमांकाच्या पिनवर माहिती वाहून नेणारी जुन्या पद्धतीची के-लाइन असते, तर ६ आणि १४ या पिनांवर नंतरची कॅन पद्धत. के-लाइनच्या गाडीत जोडणी व्हायला बराच वेळ लागू शकतो. तेवढ्यात घाईने अ‍ॅडॅप्टर काढू नये.

स्कॅनरशिवाय कोड वाचण्याची रीत याहून जुनी आहे आणि ती येणे उपयोगाचे आहे. डायग्नोसिसच्या कनेक्टरमधील ठरावीक टर्मिनल अर्थिंगला जोडले की कंट्रोल युनिट चेक इंजिनचा दिवा लुकलुकवून कोड सांगते. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत टीई१ आणि ई१ ही टर्मिनले जोडतात. होंडाच्या त्या काळच्या गाड्यांत दोन तारांचा सर्व्हिस चेक कनेक्टर असतो. सुझुकी पद्धतीच्या अनेक इंजिनांत वेगळा मॉनिटर कनेक्टर असतो. कोणते टर्मिनल कशाला जोडायचे हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे, अंदाजाने कधीही जोडू नये, कारण शेजारच्याच पिनवर १२ व्होल्ट असू शकतात. तार नेहमी इग्निशन बंद असताना लावावी. पिवळ्या आवरणाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजून त्याला हातच लावू नये.

या कामाला दोन माणसे लागतात: एकाने दिवा पाहायचा, दुसऱ्याने लिहायचे. सुझुकी पद्धतीत एकदा लुकलुक, थोडा विराम, मग चारदा लुकलुक म्हणजे १४. दोन कोडांच्या मध्ये विराम लांब असतो आणि प्रत्येक कोड तीनदा सांगितला जातो. होंडात लांब लुकलुक दशकाची आणि आखूड एककाची असते. सुझुकीत नुसताच १२ येत राहिला तर कोणताही दोष नोंदलेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. नवशिके लोक या बाराचाच दोष शोधत बसतात.

सोळा पिनांच्या प्रमाणित पद्धतीत कोड एक अक्षर आणि चार अंकांचा असतो. पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडील भाग, यू म्हणजे युनिटांमधील संपर्क. पहिला अंक ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान असतो, १ असेल तर त्या कंपनीपुरता, आणि तेव्हा इंटरनेटवर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा मिळालेला अर्थ हमखास दिशाभूल करतो. दुसऱ्या अंकावरून १ किंवा २ असल्यास हवा-इंधन, ३ असल्यास इग्निशन व मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), ५ असल्यास वेग व आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) असा विभाग कळतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी ०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरचे सर्किट. येथे ‘सर्किट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कंट्रोल युनिटला फक्त आपल्या पिनवरचा विजेचा दाब दिसतो; तो दाब सेन्सरमुळे बिघडला, तारेमुळे की कनेक्टरमुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमची २००४ सालची छोटी पेट्रोल गाडी निम्म्या चाकापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरले, गाडी सुरूही झाली. पण पुढे महिन्याभराने ती पेट्रोल अधिक पिऊ लागली आणि रेडिएटरचा पंखा थंड इंजिनावरही फिरू लागला. एका गॅरेजमध्ये ‘कंप्युटर गेला’ असे सांगून नवे युनिट बसवायला सांगितले. त्याआधी एका रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर भाच्याला वही देऊन शेजारी बसवले आणि दिवा लुकलुकवला. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, “मामा, परत चौदाच आलं.” सुझुकी पद्धतीत चौदा म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरचे सर्किट.

हा सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो: २० अंशांना साधारण दोन ते तीन किलोओहम, ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम. आमच्याकडची सकाळ २० अंशांहून उबदार होती; तेव्हा थंड इंजिनावर आमच्या सेन्सरचा रोध दीड किलोओहमच्या जवळ आला, म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. मग कनेक्टर उजेडात धरून आत पाहिले. दोनपैकी एका पितळी टर्मिनलवर हिरवा कळंक चढला होता, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसाच, आणि तार किंचित हलवली की मल्टिमीटरवरचा आकडा नाहीसा होत होता. टर्मिनल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, अगदी बारीक पॉलिश पेपरने घासले, सैल झालेली पकड सुईच्या टोकाने घट्ट केली, आणि पंखा थांबला. पुरात उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीबाबत माझे आग्रहाचे सांगणे आहे की कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी कनेक्टर उघडून पाहावेत, कार्पेट उचलून त्याखालची वायरिंग पाहावी आणि बॉडीला जोडलेले अर्थिंगचे बोल्ट घासून पुन्हा आवळावेत. एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर चार-पाच सेन्सर एकाच दिवशी बिघडलेले नसतात. त्यांची सामायिक अर्थिंग किंवा त्यांना वीज पुरवणारी पाच व्होल्टची तार तुटलेली असण्याची शक्यता अधिक असते.

थेट आकडे दाखवणारा स्कॅनर असेल तर याच सेन्सरची परीक्षा अधिक सोपी होते. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी दिसली पाहिजेत. बडोद्याच्या मे महिन्यात कूलंट उणे ४० अंश दिसत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलेले आहे.

आपल्याकडे सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात पी ०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हा कोड वारंवार येतो. तो आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई करू नये. सेन्सर बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. कोड लिहून घ्यावा, गाडी काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवावी आणि स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट इंधन ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-अधिक देते तो आकडा, पाहावा. पेट्रोलवर तो शून्याच्या आसपास येत असेल तर दोष गॅस किटच्या जुळणीत आहे. पेट्रोलवरही आयडलला तो अधिक २० टक्के आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना जेमतेम ३ टक्के असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी गळतीतून बाहेरची हवा शिरते. व्हॅक्यूमचे रबरी पाइप टोकांशी वाकवून भेगा पाहाव्यात. दोन्ही ठिकाणी आकडा सारखाच मोठा असेल तर इंधनाचा दाब आणि फिल्टर यांच्याकडे वळावे. दिवा स्थिर न राहता गाडी चालताना लुकलुकत असेल, तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतील धूर शुद्ध करणारा भाग) जाळणारा मिसफायर असतो. तेव्हा वेग कमी करून लवकरात लवकर थांबावे.

दुरुस्तीनंतरच कोड पुसावा, आणि पुसण्यापूर्वी त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला त्या क्षणीचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या आणि तापमान, हेही लिहून ठेवावे. पुष्कळ कोडांना दिवा लागण्यासाठी दोष गाडीच्या लागोपाठ दोन प्रवासांत दिसावा लागतो, म्हणून थंड इंजिनापासून सुरुवात करून दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी आणि दिवा विझलेला असला तरी पेंडिंग कोड, म्हणजे दोष एकदा दिसला पण दिवा अजून लागला नाही असे कोड, पुन्हा वाचावेत. आमच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत तारीख, किलोमीटर, कोड आणि काय केले अशी चार रकान्यांची नोंद भाचाच अजून ठेवतो.