चाकू बाळगणाऱ्या आणि जमवणाऱ्या स्त्रियांसाठी: निवड, वापर आणि लोकांची नजर

पार्सलवरची चिकटपट्टी कापायला एखाद्या पुरुषाने खिशातून चाकू काढला, तर बघणाऱ्यांचे लक्ष पार्सलकडेच राहते. तोच चाकू एखाद्या स्त्रीने पर्समधून काढला, की सगळ्यांचे लक्ष चाकूकडे जाते. मग कोणीतरी हसत म्हणते, ‘तुमच्याशी जपूनच वागायला हवे,’ आणि थोड्या वेळाने दुसरे कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारते, ‘काही त्रास तर होत नाही ना?’ मी बरीच वर्षे घडीचे चाकू वापरते आणि जमवतेही, आणि एवढ्या वर्षांत या दोन वाक्यांपेक्षा वेगळे तिसरे वाक्य मला फार क्वचित ऐकायला मिळाले. पहिल्या वाक्यातली बाई धोकादायक असते आणि दुसऱ्यातली भेदरलेली. तिला दोरी, खोका किंवा सफरचंद कापायचे असेल, ही साधी शक्यता दोघांच्याही मनात येत नाही. लोकांची ही नजर एका दिवसात बदलत नाही, पण चाकू कोणता घ्यावा, कुठे ठेवावा, कसा उघडावा आणि विचारले तर काय सांगावे, हे आपल्या हातात असते.

सांगण्यापासूनच सुरुवात करते, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. ‘चाकू कशासाठी?’ असे विचारल्यावर ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर सहज तोंडी येते आणि विचारणाऱ्यालाही ते पटते. मात्र अनेक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने याहून वाईट उत्तर नाही. ब्रिटनचे उदाहरण पाहावे. तिथे १९८८च्या कायद्याने, पाते उघडल्यावर जागच्या जागी अडकून बसत नाही आणि ज्याची धार ३ इंचांपेक्षा (७.६२ सेंटीमीटर) जास्त नाही, असा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, परंतु तोच चाकू कोणाला इजा करण्याच्या हेतूने, मग तो हेतू बचावाचा का असेना, जवळ ठेवल्याचे कबूल केले, तर १९५३च्या कायद्याखाली तो हल्ल्याचे शस्त्र ठरू शकतो. म्हणजे हातातली वस्तू तीच राहते, आणि एका वाक्याने तिची जात बदलते. शिवाय हातघाईच्या प्रसंगी लहान घडीच्या चाकूचा भरवसा धरण्यात अर्थ नसतो; तो उघडायला वेळ लागतो, मुठीला आडवा कठडा नसल्यामुळे जोर लावताच बोटे पात्यावर घसरतात आणि समोरच्याने तो हिसकावून घेण्याची भीती असतेच. म्हणून उत्तर कामाचे द्यावे आणि ते खरे असावे: ‘रोज खोकी उघडावी लागतात,’ ‘बागेत काम असते,’ ‘फळ कापायला ठेवते.’ जिच्याकडे असे खरे उत्तर नाही, तिने त्या दिवशी चाकू घरी ठेवावा.

कायदा देशागणिक आणि काही देशांत प्रांतागणिक बदलतो, त्यामुळे आपण जिथे आहोत तिथला नियम स्वतः वाचावा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वाचताना पात्याची लांबी, पाते अडकते की नाही, ते खटका दाबताच आपोआप उघडते का, आणि बाळगण्याला सबळ कारण लागते का, या बाबी पाहाव्यात. यांतली दुसरी बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फ्रान्सच्या ओपिनेलचा ६ क्रमांकाचा चाकू लाकडी मुठीचा, साधा आणि देखणा आहे, आणि त्याचे पाते सुमारे ७ सेंटीमीटरचे, म्हणजे ब्रिटनच्या मर्यादेत बसणारे आहे. तरीही मुठीच्या तोंडाशी असलेले फिरते कडे पाते अडकवून ठेवते, आणि त्यामुळे ती सवलत त्याला मिळत नाही. याउलट स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा मिटल्यावर ५८ मिलीमीटर भरणारा छोटा चाकू अडकत नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो आणि बघणाऱ्याला कात्री-कानसीसारखाच वाटतो. पहिला चाकू घेणारीने इथून सुरुवात केली तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

निवड करताना ‘लेडीज’ म्हणून गुलाबी मुठीत विकला जाणारा चाकू आधी बाजूला ठेवावा. रंगाला माझी हरकत नाही, गुलाबी आवडत असेल तर जरूर घ्यावा. मात्र अशा चाकूंत पुष्कळदा रंगावर खर्च होतो आणि पोलादावर काटकसर. पाहायचे ते आपल्या हाताचे माप. चार बोटे जुळवून तळव्याची रुंदी मोजावी आणि मूठ निदान तेवढी लांब आहे ना, ते पाहावे. लहान हाताला लहान मूठ हवी, हा समज चुकीचा आहे, कारण अपुऱ्या मुठीवर करंगळी अधांतरी राहते आणि पकड सैल पडते. जाडीकडे मात्र लक्ष द्यावे. त्यानंतर चाकू दहा वेळा उघडून मिटून पाहावा. पात्यावर नखापुरती खाच असेल आणि स्प्रिंग कडक असेल, तर नख तुटते. त्यापेक्षा पात्याला आरपार भोक असलेली रचना सोयीची असते. स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने १९८१ साली असे गोल भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप एकाच चाकूत आणली, आणि पुढे ती रचना सर्वत्र पसरली. मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पाते अडकवणारा ‘लायनर लॉक’ असेल, तर मिटताना अंगठा काही क्षण पात्याच्या वाटेत असतो. पट्टी ढकलून पाते थोडे सैल होताच अंगठा बाजूला घ्यायचा आणि मगच पाते पूर्ण मिटायचे, ही सवय घरी बसून, टीव्ही बंद करून लावून घ्यावी. चारचौघांसमोर पहिला प्रयोग करू नये.

पोलादाच्या नावांवरून चालणाऱ्या वादांत नवख्या बाईने पडू नये. स्टेनलेस पोलाद गंजाला दाद देत नाही असे नाही, पण त्याची काळजी कमी घ्यावी लागते. कार्बन पोलादाला धार लवकर आणि छान लागते, मात्र ते ओले राहिले की डागाळते. रोजच्या वापरासाठी पहिले बरे, आणि चाकूशी सलगी वाढली की दुसरे.

चाकू कुठे ठेवायचा, हा प्रश्न पुरुषांसाठी लिहिलेल्या माहितीत फारसा येत नाही, कारण त्यांच्या विजारींना खिसे असतात. आपल्या कपड्यांचे खिसे बहुधा उथळ असतात किंवा नुसते दाखवण्यापुरते शिवलेले असतात. त्यावर क्लिप लावली, तर कापड ओघळते आणि अर्धा चाकू बाहेर डोकावतो. पर्समध्ये तो मोकळा टाकू नये. किल्ल्या आणि नाण्यांच्या घोळात पाते किंचित उघडू शकते आणि तळाशी साचलेला धुरळा बिजागरीत जाऊन ती करकरू लागते. जाड कापडाची किंवा चामड्याची अरुंद पिशवी शिवून तिची पर्समधली जागा ठरवावी आणि ती बदलू नये. ठरलेल्या जागेचा उपयोग दुहेरी आहे: काम पडले की पर्स उचकत बसावे लागत नाही, आणि तपासणीच्या वेळी ‘डावीकडच्या आतल्या कप्प्यात लहान चाकू आहे’ असे हात न घालता सांगता येते. न्यायालय, शाळा किंवा विमानतळ अशा ठिकाणी जायचे असेल, तर आदल्या रात्री पर्स पूर्ण रिकामी करावी. विमानप्रवासात चाकू अनेक ठिकाणी केबिनमध्ये चालत नाही. न्यायचाच असेल तर तो पाते झाकून, सामानाच्या कक्षात जाणाऱ्या बॅगेत भरावा. हे ठाऊक असूनही मी एकदा विसरले आणि शिंगाच्या मुठीचा एक जुना चाकू तपासणीच्या टेबलावर सोडून पुढे गेले. तिथल्या बाईने तो टोपलीत टाकला, तेव्हा झालेला आवाज अजून कानात आहे.

लोकांच्या नजरेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती चाकू उघडण्याची रीत. मनगटाला झटका देऊन ‘खट्’ आवाज करत उघडलेला चाकू कोणाच्याही हातात धमकीसारखाच दिसतो. एरवी तोच चाकू, त्याच हातात, निरुपद्रवी दिसू शकतो. आधी बोलावे: ‘माझ्याकडे चाकू आहे, कापून देऊ का?’ होकार आल्यावर तो काढावा, दोन्ही हातांनी सावकाश उघडावा, टोक जमिनीकडे आणि धार माणसांपासून दूर ठेवावी, काम करावे आणि लगेच मिटावा. गप्पा मारताना उघडा चाकू हातात खेळवू नये, त्याने हातवारे तर मुळीच करू नयेत. कोणी मागितला, तर मिटूनच द्यावा. मिटता न येणारा असेल, तर तो टेबलावर ठेवावा आणि समोरच्याला उचलू द्यावा. माझ्या जुन्या कार्यालयात पहिल्यांदा चाकू निघाला, तेव्हा खोलीतले बोलणे थांबले होते. तो असाच, कंटाळवाण्या रीतीने, महिनाभर निघत राहिला, आणि पुढे खोके आले की सहकारी माझ्या टेबलाशी येऊन नुसता हात पुढे करू लागले.

टोमण्यांना उत्तर देण्याची घाई करू नये. ‘जपून राहायला हवे’ या विनोदावर दुसरा विनोद केला, तर तीच प्रतिमा पक्की होते. ‘खोके कुठे आहे?’ एवढे विचारावे आणि कामाला लागावे. काळजीने विचारणाऱ्याला मात्र नीट उत्तर द्यावे, कारण तो प्रश्न प्रामाणिक असतो. कोणाला चाकू पाहूनच अस्वस्थ वाटत असेल, तर त्या व्यक्तीसमोर तो काढू नये आणि कारणही विचारू नये. एखाद्याच्या आठवणीत चाकूचे काय स्थान आहे, हे आपल्याला माहीत नसते.

संग्रहाकडे वळले की नजरेचा प्रकार बदलतो. इथे भीती नसते, इथे गृहीतक असते: ‘भेट द्यायला हवा आहे का? त्यांना कसा आवडतो?’ विक्रेत्याशी यावरून वाद घालण्यापेक्षा चाकू हातात घेऊन तपासावा, म्हणजे संभाषण आपोआप रुळावर येते. उघडलेले पाते दोन बोटांत धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे, मिटलेले पाते मध्यभागी बसते का ते पाहावे. जुन्या चाकूचे पाते वारंवार धार लावून झिजलेले आहे का, हे त्याच नमुन्याच्या चित्राशी ताडून कळते. ‘दमास्कस’ म्हणून लाटांची नक्षी दाखवली, तर पात्याची पाठ पाहावी. थर खरे असतील तर त्यांच्या रेषा पाठीवरूनही जाताना दिसतात, नुसती वर उमटवलेली नक्षी कडेशीच थांबते. पात्याच्या मुळाशी असलेला शिक्का वाचायला शिकावे. अमेरिकेच्या केस कंपनीने १९७०पासून या शिक्क्याखाली ठिपके देऊन उत्पादनाचे वर्ष दर्शवायला सुरुवात केली, त्यामुळे तिचे चाकू ओळखणे हा नवख्यांसाठी उत्तम अभ्यास आहे. आणि जुन्या चाकूला पॉलिश करून चकचकीत करू नये. त्याच्यावरची राखाडी झाक घासून काढली, की त्याची किंमतही उतरते.

जमवण्याला एखादा विषय असावा, नाहीतर कपाटात नुसते धातूचे ओझे साचते. स्त्रियांच्या चाकूंचा इतिहास हाच उत्तम विषय होऊ शकतो. आर्क्टिकमधील इन्युइट स्त्रियांचा ‘उलू’ हा अर्धचंद्राकृती पात्याचा चाकू कातडे सोलण्यापासून शिवणकामापर्यंत वापरला जातो आणि तो स्त्रीचाच चाकू म्हणून ओळखला जातो. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपात नवरीला एकाच म्यानातली चाकूंची जोडी भेट देत, आणि ती कंबरपट्ट्याला लटकवून मिरवली जाई. जपानमधल्या सामुराई घराण्यांतील स्त्रिया ‘काइकेन’ हा लहान खंजीर जवळ बाळगत. अस्सल जुन्या वस्तू दुर्मीळ आणि महाग असतात, पण त्याच घडणीचे नवे चाकू घेऊन त्यांच्याबद्दल वाचत जाता येते.

प्रत्येक चाकूची नोंद वहीत करावी: कारागीर किंवा कंपनी, पोलाद, पात्याची लांबी, विकत घेतल्याची तारीख, किंमत, छायाचित्र आणि तो का घेतला याचे एक वाक्य. संग्रह कुलपात ठेवावा, घरात मुले असोत वा नसोत. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नये, कारण कमावलेल्या चामड्यातली रसायने आणि त्याने धरलेला दमटपणा यांमुळे पोलाद गंजते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. म्यान शेजारी ठेवावे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पात्यावर खनिज तेलाचा पुसट हात फिरवावा. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठी असलेले चाकू इतरांपासून वेगळे ठेवावेत. हे प्लास्टिक म्हातारे झाले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंचीही पाती खाते. एका अशा मुठीपायी मी कप्प्यातले तीन चांगले चाकू गमावले आहेत.

घरी आलेल्यांनी संग्रह पाहायला मागितला, तर कपाट सताड उघडून सगळी पाती एकदम दाखवू नयेत. एक लहान, साधा चाकू मिटलेला त्यांच्या हातात द्यावा, तो कसा उघडतो ते सांगावे आणि मिटायचे कामही त्यांनाच करू द्यावे. मिटल्याचा तो हलका आवाज आला की बहुतेकांच्या खांद्यांतला ताण उतरतो आणि दुसरा दाखवा म्हणतात. पाहुणे गेल्यावर मात्र त्यांनी हाताळलेले प्रत्येक पाते त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेल लावून ठेवावे, कारण बोटांच्या घामातले मीठ कार्बन पोलादावर सकाळपर्यंत तांबूस ठसा उमटवते.