मुंबईत स्वस्तात चांगलं जेवायचं तर हमालाला विचारा

कराडला माझं शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. अस्तर, लेस, फॉल, हुक, रीळ. महिन्यातून एकदा रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, मंगळदास मार्केट आणि भुलेश्वरात दिवसभर खरेदी करायची आणि रात्रीच्या महालक्ष्मीनंच घरी यायचं, असं एकवीस वर्षं चाललंय. दिवसभराच्या खाण्याला तीनशे रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही, हे मी आजही पाळते. तेवढ्यात मुंबईत जे जेवलेय ते घरच्या सणावारापेक्षा जास्त लक्षात आहे. कसं शोधायचं ते सांगते.

आधी फसले कुठं ते ऐका. लेक नववीत असताना तिला सोबत नेली होती. दुपारी दोनला पोरगी भुकेनं कासावीस. एका स्टेशनासमोर मोठं हॉटेल, दारात थाळीचा रंगीत फोटो, खाली सगळ्या प्रांतांची नावं. दोन थाळ्यांचे साडेपाचशे गेले. पुऱ्या गार, तीन वाट्यांत एकाच रश्शाच्या तीन भाज्या. लेकीनं पुरी अर्धी टाकली आणि म्हणाली, "आई, भाकरी आणली असतीस तर बरं झालं असतं." मला ते फार लागलं. त्या हॉटेलातली सगळी गर्दी बॅगा घेतलेली होती. पुन्हा कधीच येणार नाही अशी माणसं. पुढच्या खेपेपासून मी गर्दी किती आहे हे बघायचं सोडलं आणि गर्दी कुणाची आहे ते बघायला लागले.

दुपारच्या जेवणासाठी ठेवलेलं बजेट राखायचं असेल तर घड्याळ महत्त्वाचं. बाजारातली कामाची माणसं साडेबारा ते दीडच्या दरम्यान जेवतात. त्या वेळी कुठल्याही गल्लीत पाच मिनिटं बाजूला उभं राहा. हमाल गाठोडं खाली ठेवून कुठल्या बोळात शिरतोय, दुकानातली पोरं कुठल्या जिन्यानं वर चढतायत, ते दिसतं. दोननंतर हे दिसत नाही आणि तोवर आमटीही पातळ झालेली असते.

आणि विचारायचं काय, तर "इथं चांगलं हॉटेल कुठंय?" असं मुळीच विचारू नका. समोरचा माणूस तुमचे कपडे बघतो आणि त्याला जे भारी वाटतं ते दाखवतो, जिथं तो स्वतः कधी गेलेला नसतो. "तुम्ही कुठं जेवता?" असं विचारा. हमाल, इस्त्रीवाला, ऑफिसचा शिपाई, दुकानात काउंटरवर दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, यांना रोज जेवायचं असतं आणि पगार बेताचा असतो. त्यांचं उत्तर चुकत नाही.

मी पहिल्यांदा विचारलं ते माझं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या हमालाला. बोली ओळखीची वाटली म्हणून गाव विचारलं, तर पाटणकडचा निघाला. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीचं आणि हमालीचं काम करत आली. म्हटलं, "काका, तुमी जेवता कुठं?" तर म्हणाला, "चला की ताई, तिकडंच निघालोय. पर ते हाटेल न्हाई बगा."

लोहार चाळीच्या बाजूची एक गल्ली, जुनी इमारत, लाकडी जिना. पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी पंधरा-वीस चपलांचे जोड. वर दोन खोल्या, भिंतीला लागून पाट आणि आत शेगडीपाशी एक बाई बसलेली. काकणं कोपरापर्यंत सरकवलेली, परातीत पीठ, हातानं भाकरी फिरवत थापत होती. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा बाजूला करून आचेवर धरली. टम्म फुगली. ती तशीच माझ्या ताटात आली. मोडली तर वाफ बोटांना लागली. सोबत अख्खा मसूर, कूट घातलेली मेथी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चटणीवर कच्चं तेल. अख्खा मसूर तर आमच्या कराड-इस्लामपूरची ओळख. मुंबईच्या मधोमध तो अगदी आमच्या चवीचा मिळाला तेव्हा घास घशाशी थांबला. सत्तर रुपये झाले. बाईंनी वर आणखी अर्धी भाकरी वाढली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी मला माझा मामा आठवला. लालबागला गिरणीत होता. गावच्या सामाईक खोलीत राहायचा आणि शेजारच्या एका मावशींच्या खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवायचा. गिरणगावात अशा शेकडो बायकांनी कामगारांना जेवू घातलं. पगार होईपर्यंत उधारीवर सामान भरायचं आणि पाळ्यांप्रमाणे डबे करायचे. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि खानावळीची ताटंही रिकामी झाली. मामा गावी आला तो परत गेला नाही, पण मावशींच्या हातच्या सुकट-भाकरीबद्दल शेवटपर्यंत बोलायचा. खानावळ ही मुंबईत जेवायची सगळ्यात जुनी आणि इमानदार जागा आहे असं मला वाटतं. लालबाग-परळच्या जुन्या चाळींच्या बाजूला आजही विचारलंत तर एखादी सापडते.

आता एकटीनं जाणाऱ्या बायकांसाठी. अनोळखी जिना चढायचा म्हणजे मनात येतंच. मी दारातून आत बघते. वाढणारी बाई आहे का, जेवायला एखादी तरी बाई बसलीय का. नसेल तर सरळ म्हणते, "मावशी, बांधून देता का?" खानावळीत बहुतेक वेळा देतात. मग ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात मागं बसून खायचं. खरेदीचं गाठोडंही तिथंच ठेवून जा. मांडीवर सामान घेऊन जेवण होत नाही.

आत शिरायच्या आधी आणखी एक गोष्ट मी करते आणि ती कुठल्याही शहरात उपयोगी पडते. परत येणारी उष्टी ताटं बघा. मोरीकडं जाणाऱ्या ताटात भात पडलेला असेल, भाजीची वाटी अर्धी भरलेली असेल, तर कितीही गर्दी असो, मागं फिरा. ताटं पुसल्यासारखी रिकामी येत असतील तर बसा. दुसरं म्हणजे पदार्थ किती आहेत ते. फळ्यावर चार-पाच नावं खडूनं लिहिलेली असतील तर ती आज केलेली आहेत. छापील कार्डावर शंभर नावं असतील तर पातेलं एकच असतं. बसल्यावर "काय मिळेल?" पेक्षा "आत्ता काय तयार आहे?" हे विचारावं. पाण्याची बाटली आपली.

सकाळचं मात्र सोपं आहे, नावानिशी सांगते. सीएसएमटीला उतरलात की समोरच्या बाजारगेट स्ट्रीटवर पंचम पुरीवाला आहे. शंभर वर्षांहून जुनं दुकान. गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचं. "इथं बसू का?" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. खाऊन झालं की उठायचं, कारण मागं माणूस उभा असतो. भूक कमी असेल तर धोबीतलावला चालत जा. क्यानी अँड कंपनी, 1904 पासूनचं इराणी हॉटेल. बन मस्का चहात बुडवून खाल्ला की अकरापर्यंत काही लागत नाही. जुनी इराणी हॉटेलं बहुतेक कोपऱ्यावर असतात. कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ म्हणून बाकीचे दुकानदार ती घेत नसत, अशी गोष्ट सांगतात. त्यामुळं फोर्टात किंवा ग्रँट रोडला फिरताना कोपरे बघत चालायची मला सवय लागलीय. पण ही हॉटेलं आता थोडीच उरलीत. दिसलं तर आत जा.

एखाद्या खेपेला काम लवकर उरकलं तर मी माटुंग्याला जाते. सेंट्रल लाइनचं माटुंगा. वेस्टर्नचं माटुंगा रोड वेगळं, तिथं उतरलात तर बरंच चालावं लागेल. सीएसएमटीहून धीमी लोकल घ्या, जलद गाडी तिथं थांबत नाही. पूर्वेला बाहेर पडलं की जवळच, मंडईच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 पासून चालू आहे. गल्ल्यावर आधी पैसे भरून कुपन घ्यायचं. पोटभर हवं असेल तर केळीचं पान, नाहीतर लिमिटेड प्लेट. सत्तर रुपयांत हे बसत नाही, त्या दिवशी मी सकाळी नुसता चहा घेते. रसमचा वास जिन्यातच येतो. वाढपी भात घालतो, त्यात तुम्ही आळं करायचं, तो सांबार ओततो आणि तुम्ही हात आडवा धरेपर्यंत थांबत नाही. शेवटी ताक. सुट्टीचा वार आधी विचारून जा, मी एकदा बंद दारावरून परत आलेय.

अगदीच पैसे संपले असतील तर शिवभोजन केंद्र कुठं चालू आहे ते विचारा. 26 जानेवारी 2020 ला सरकारनं ही दहा रुपयांची थाळी सुरू केली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दुपारचीच असते आणि ताटं ठरलेली, म्हणून लवकर जावं लागतं. पाकीट मारलं गेलं त्या दिवशी मी परळला खाल्लीय. वरण गरम होतं. रांगेत माझ्या पुढं पेशंटबरोबर गावाहून आलेल्या दोन बायका होत्या आणि त्या एकमेकींना सांगत होत्या की उद्याही इथंच यायचं.

रात्री मी दादरहून गाडी धरते. वडापाव तिथलाच. 1966 च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. आता दर दहा पावलांवर वडापावची गाडी आहे, तेव्हा कढईतलं तेल बघा. काळं असेल तर पुढं चला. वडे ढिगानं काढून ठेवलेले असतील तरी पुढं चला. घाण्याची वाट बघत माणसं उभी असतील तिथं थांबा. गाडीत खायचा असेल तर तिथं भरून घेऊ नका, कल्याण यायच्या आत पाव ओला होतो. वडे वेगळ्या कागदात, पाव वेगळे, लसणाची सुकी चटणी पुडीत, आणि तळलेल्या मिरच्या मागून घ्या, त्या न मागता मिळतीलच असं नाही. कर्जतला घाटासाठी मागून इंजिन जोडतात तेवढ्या वेळात मी पुडी उघडते. वडा तोवर कोमट असतो, पण आतलं आलं-लसूण चांगलं मुरलेलं असतं.