मोटरसायकलची रचना अशीच का? आधी कारण, मग पाना

चेन थोडी सैल, क्लच लिव्हरला थोडा मोकळा खेळ (काही परिणाम न होता होणारी हालचाल), पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल, पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा ताकदवान. मोटरसायकलवरच्या अशा गोष्टींमागे बहुतेक वेळा भूमिती असते, नाहीतर कुणीतरी पडून शिकलेला धडा. कारण माहीत असेल तर ‘किती घट्ट करू?’ याचं उत्तर बऱ्याचदा आपोआप सापडतं. माहीत नसेल तर धड चालणारी गाडी आपणच पाना फिरवून बिघडवतो.

चेन सैलच हवी

हात नवा असला की चेन हमखास ताणून बसवली जाते. सैल चेन लोंबताना दिसते, खडखडते, म्हणून ती चूक वाटते. पण पुढचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) गिअरबॉक्सवर, म्हणजे जागेवर पक्कं असतं. मागचं चाकाबरोबर वरखाली होतं. चाक ज्या स्विंगआर्मवर असतं (मेकॅनिक त्याला चिमटा म्हणतात), त्याची फिरण्याची खीळ पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडी मागे असते. त्यामुळे चाक वर उचललं जाताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. उभ्या गाडीत दिसणारी ढिलाई त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते.

ती ठेवली नाही तर मागे माणूस बसलेला असताना खड्डा आला की चेन तारेसारखी ताठते. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग ओढलं जातं, तिथलं ऑइल सील गळू लागतं आणि शॉकॲब्जॉर्बर पूर्ण दबूच शकत नाही. उलट फार सैल ठेवली तर चेन दातांवरून उडते. ती चाकात अडकली तर चाक जाम होतं. तरीही दोन चुकांपैकी एक करायचीच झाली, तर चार-पाच मिलिमीटर जास्त सैल ठेवलेली परवडते.

1. माप आधी मॅन्युअलमध्ये बघा आणि ते साइड स्टँडवरचं आहे की मेन स्टँडवरचं हेही बघा. दोन्हींत फरक पडतो. रोजच्या वापराच्या गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर, तर लांब चालीच्या सस्पेन्शनच्या ऑफरोड गाड्यांना 40 ते 50 लागतात.
2. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवायचं. चालू इंजिनवर चेनला हात लावणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. चार-पाच ठिकाणी थांबून खालच्या बाजूची चेन मधोमध वर-खाली करा. एकूण हालचाल मोजा. जिथे ती सर्वांत कमी भरते, तिथेच ढिलाई बसवायची.
3. ॲक्सलचा नट सैल करा. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याच्या टॉर्क आर्मचा (ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून धरणारी पट्टी) बोल्टही.
4. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा, सारखेच फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर डोळे मिटून विश्वास नको. शंका आली तर खिळीच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा.
5. नट आवळताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये चिंधीची घडी धरा आणि चाक थोडं फिरवून ती दाबून घ्या. त्याने ॲक्सल ॲडजस्टरवर टेकून राहतो. मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, चिंधी काढा आणि पुन्हा मोजा. आवळल्यावर ढिलाई बऱ्याचदा दोन-तीन मिलिमीटरने कमी झालेली असते. नट सुटू नये म्हणून असलेली कॉटर पिन नवीन घाला.

ड्रम ब्रेकच्या गाडीत एक गोष्ट इथे हटकून विसरली जाते. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक घासत राहतो. पेडलचा मोकळा खेळ 20 ते 30 मिलिमीटरवर परत आणा, मग मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही बघा.

चेन संपली का, हे ढिलाईवरून कळत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर ती गेली. मोजूनही बघता येतं: 428 मापाच्या चेनची पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) 12.7 मिलिमीटर, म्हणून नव्या चेनच्या 20 पिच 254 मिलिमीटर भरतात. ताणून धरल्यावर 259 झाल्या तर दोन टक्के वाढ झाली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. तेल आतल्या बाजूने द्या, कारण फिरताना ते बाहेरच फेकलं जातं. जोडकडीला क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला.

हातापायांची मांडणी

डाव्या पायात गिअर आणि उजव्यात ब्रेक ही मांडणी सुरुवातीपासून ठरलेली नव्हती. ब्रिटिश गाड्यांत गिअर उजवीकडे असायचा. अमेरिकेने 1 सप्टेंबर 1974 पासून डावीकडचा गिअर सक्तीचा केला. एवढी मोठी बाजारपेठ सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून बाकीचेही त्या मार्गाने गेले. पहिला खाली आणि बाकी वर या क्रमाला मात्र सरळ तर्क आहे: अचानक थांबताना पाय नुसता खाली मारत राहिलं की गाडी पहिल्यातच अडते, न्यूट्रलमध्ये घसरत नाही. म्हणून न्यूट्रल तळाशी नाही, तर अर्ध्या टिचकीवर आहे. तो सापडत नसेल तर गाडी पूर्ण थांबण्याआधी दुसऱ्यातून हलकेच अर्धा दाबा. तरीही अडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा.

क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळा खेळ हवा. प्लेटी झिजतात तशी केबल आपोआप ताठत जाते. खेळ शून्य झाला की क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, घसरतो आणि जळतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात भिजलेला असतो. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 असा शिक्का असलेलंच तेल घाला. गाडीला चांगलं म्हणून कारचं तेल घातलं, तर त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लचच्या प्लेटीही निसटत्या करू शकतात.

ॲक्सिलरेटरला अनेक गाड्यांत दोन केबल असतात: एक उघडायला, दुसरी ओढून बंद करायला. स्प्रिंग तुटली किंवा धूळ अडकली तरी मूठ बंद करण्याच्या दिशेने फिरवून इंजिन शांत करता यावं म्हणून. मुठीच्या कडेला 2 ते 6 मिलिमीटर खेळ ठेवा आणि इंजिन मंद चालू असताना हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. वळवताना आवाज वाढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

पुढचा फोर्क तिरका का

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची जोडी, तिरपा असल्यामुळे स्टिअरिंगच्या अक्षाची रेषा खाली वाढवली तर ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या पुढे जमिनीला लागते. हे अंतर म्हणजे ट्रेल, बऱ्याच रस्त्याच्या गाड्यांत 90 ते 110 मिलिमीटर. टेकण्याची जागा अक्षाच्या मागे असल्याने चाक ट्रॉलीच्या चाकासारखं स्वतःहून सरळ व्हायला बघतं. ट्रेल कमी केला तर गाडी चपळ आणि चंचल, वाढवला तर स्थिर आणि जड.

म्हणून फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून वर सरकवून पुढचा भाग खाली आणायचा असेल तर एका वेळी 5 मिलिमीटर, दोन्हीकडे तंतोतंत सारखं. 1400 मिलिमीटर चाकांतराच्या (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) गाडीत एवढ्याने तिरकेपणा साधारण 0.2 अंशाने आणि ट्रेल एक मिलिमीटरच्या आसपास कमी होतो. आकडा छोटा आहे, पण फरक हाताला जाणवतो. फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना, हे आधी बघायचं. हँडल थरथरत असेल तर भूमितीला दोष देण्यापूर्वी स्टिअरिंगचं बेअरिंग तपासा: पुढचं चाक अधांतरी, फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवा. टक् वाजलं तर ढिलं आहे. हँडल हळू फिरवताना मधोमध खाच लागली तर बेअरिंगची वाटी खचली आहे, आवळून काही होणार नाही.

ब्रेकचं गणित सोपं आहे. चालकासह 220 किलो वजन, चाकांतर 1300, गुरुत्वमध्य 650 मिलिमीटर उंच आणि दोन्ही चाकांवर निम्मा-निम्मा भार धरा. गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट जोराने ब्रेक मारल्यावर 66 किलो भार मागून पुढे सरकतो: पुढे 176, मागे 44. मागचं चाक तेव्हा जमिनीला जेमतेम धरून असतं. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचाच वापरणारा माणूस ब्रेक मारताना हलक्या होत जाणाऱ्या चाकावरच अवलंबून राहतो.

टायरवरच्या बाणाचंही असंच. मागच्या टायरवर मुख्य जोर ओढण्याचा, पुढच्यावर ब्रेकचा, म्हणजे उलट दिशेचा. दोन्हींच्या खाचा परस्परविरुद्ध वाटल्या तरी बाण पाळा. पेट्रोल टाकीच्या झाकणातलं बारीक भोक बुजलं तर गाडी काही किलोमीटरवर गचके देत बंद पडते. झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष भोकाचाच. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर एवढेच आवळा की जोराने ढकलल्यावर फिरतील; पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी वळतो. आणि यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजवा आरसा उलट्या आट्याचा असतो, म्हणजे समोरून काही आदळलं तर तो उसवत फिरावा. तो निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा.